शे की नही

आमच्या एरंडोलात सुपडूनाना मिस्त्रीची जीभ दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक शिव्या आणि दुसरं व्हॅक्यूम. माझं स्पेअर पार्टचं दुकान त्याच्या गॅरेजच्या बरोब्बर समोर, मधे फक्त रस्ता. त्यामुळे शिव्या मला सगळ्या पाठ आहेत, पण त्या लिहिण्याजोग्या नाहीत. व्हॅक्यूमचं मात्र सांगायलाच हवं. ते सांगितल्याशिवाय नाना कळायचा नाही.

इंजिनाला हवा आत ओढावी लागते, हे कुणालाही पटेल. हल्लीच्या गाड्यांत या हवेच्या वाटेवर बारकी बारकी झाकणं असतात. ती फिरवायला बाजूला एक चपटी, गोल डबी असते. कंपनीवाले तिला ॲक्च्युएटर म्हणतात, आम्ही नुसतं डबी म्हणतो. डबीच्या पोटात रबराचा पडदा, पडद्याला एक दांडी. पंप बारीक नळीतून डबीतली हवा ओढून घेतो, पडदा मागे सरकतो, दांडी हलते, झाकणं फिरतात. पडदा फाटला किंवा नळी चिरली, की हे सगळं ठप्प. गाडी मरगळते, चढाला दम टाकते आणि समोर पिवळा दिवा लागतो.

आता हा बिघाड नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं? त्यासाठी काटा असलेला हातपंप मिळतो. माझ्या दुकानात होता. नानाने तो कधी घेतला नाही. तो नळी काढायचा, गाडी चालू ठेवायला सांगायचा, जीभ बाहेर काढायचा आणि नळीचं तोंड जिभेच्या टोकाला लावायचा. मग हात सोडून द्यायचा. नळी जिभेला लोंबकळत राहिली, की पंपाकडून व्हॅक्यूम येतोय. पडली, की येत नाही. डबी तपासायची तर आधी तोंडाने हवा ओढून घ्यायची आणि मग जीभ लावायची. डबीने जीभ धरून ठेवली तर पडदा शाबूत. दिवसभरात नाना गप्प बसायचा तो तेवढ्याच वेळात. मग नळी सोडवून निकाल द्यायचा, तोही एका शब्दात. आहे तर ‘शे’. नाही तर ‘नही’.

एकदा पुण्याचे एक गृहस्थ हायवेवर गाडी बंद पडल्यामुळे त्याच्याकडे आले. नानाने नळी जिभेला लावली, काढली आणि समाधानाने म्हणाला, “शे!”

गृहस्थ म्हणाले, “किती शे? पाचशे की सातशे?”

नानाला कळेना. “किती नही हो साहेब, शे! शे म्हणजे शे!”

“अहो, पण आकडा सांगा ना!”

हे बराच वेळ चाललं. शेवटी मला रस्ता ओलांडून जावं लागलं. साहेब, आमच्याकडे शे म्हणजे आहे, हे मी सांगितल्यावर ते गृहस्थ हसले, पण नाना हसला नाही. “पुण्यात शे नही का मंग?” असं मलाच विचारून तो पुढच्या गाडीकडे वळला.

जिभेची निगा मात्र तो गवयाने गळ्याची ठेवावी तशी ठेवायचा. आमच्या गावात तंबाखू न खाणारा मिस्त्री म्हणजे शिंग नसलेला बैल. नानाने तंबाखूला कधी बोट लावलं नाही. कुणी पुडी पुढे केली की म्हणायचा, “मन्ही जीभ मन्हा मीटर शे.” त्याहून कठीण म्हणजे कामाच्या दिवशी तो ठेचा खायचा नाही. खान्देशात जन्मून कळण्याच्या भाकरीबरोबर नुसतं दही! त्याची बायको, आम्ही तिला नानी म्हणायचो, ती असेपर्यंत या एकाच गोष्टीवरून रडायची. म्हणायची, माझ्या हातच्या ठेच्याला हा माणूस गाडीपायी नाही म्हणतो. नानी गेल्यावर त्याने कामाच्या दिवशी एकदाच ठेचा खाल्ला, तिच्या तेराव्याला, आणि त्या दिवशी गॅरेज बंद ठेवलं.

व्हॅक्यूमचं हे वेड त्याला दीपनगरला लागलं. तरुणपणी तो तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे मजूर होता. तिथे म्हणे घराएवढ्या टाक्यांमध्ये व्हॅक्यूम असतो आणि कुठेतरी बारीक फटीतून बाहेरची हवा आत शिरली तर सगळं काम बिघडतं. एक म्हातारा फोरमन मेणबत्ती घेऊन सांध्यासांध्यावरून फिरवायचा. ज्योत जिथे आत ओढली जाई तिथे बोट ठेवून म्हणायचा, हा बघ चोर. नानाने वीज केंद्र सोडलं, पण तो चोर बरोबर आणला. त्याच्या लेखी कुठल्याही गाडीला बिघाड नसायचा, चोर असायचा. “चोर आठेच शे कुठेतरी,” म्हणत तो बॉनेटखाली वाकायचा आणि चोर सापडला की त्या नळीच्या तुकड्याला इतक्या शिव्या द्यायचा की गाडीचा मालक उगाच ओशाळायचा.

नानाचा आणखी एक कायदा होता. तो त्याने पेंटरकडून भिंतीवर लिहून घेतला होता. ‘आधि चहा, मग बॉनेट.’ ‘आधि’ ऱ्हस्व लिहिल्याबद्दल शाळेतले गुरुजी येता-जाता टोकायचे. नाना म्हणायचा, चहा येईस्तोवर वेळ थोडाच लागतो, मग दीर्घ कशाला. पण कायद्यामागे कारण होतं. आमच्याकडे मे महिन्यात उभ्या गाडीच्या दाराला हात लावला तरी फोड येतो, मग चालून आलेल्या इंजिनाचं काय विचारता. उमेदीत त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, तो डाग शेवटपर्यंत होता. म्हणून गाडी आली की लिंबाखाली उभी करायची, बॉनेट उघडून ठेवायचं, चहा सांगायचा, गावच्या चार गोष्टी करायच्या आणि गाडी निवली की मग जीभ. पंचक्रोशीत सगळे मिस्त्री असंच करायचे. यात काही चूक आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

आता नळीची गोष्ट.

रावेरकडचे एक केळीवाले पाटील मुलाची सोयरीक बघायला धुळ्याला निघाले होते. एरंडोलला त्यांच्या जुन्या जीपने मान टाकली. नानाने बघितलं तर उंदराने व्हॅक्यूमची नळी कुरतडलेली. माझं दुकान त्या दिवशी बंद होतं, मी लग्नाला गेलो होतो. पाटलांचा जीव वर-खाली, तिकडे मुलीकडचे वाट बघतायत. नानाने जीपच्या मागे पाहिलं. केळीच्या बागेतून निघालेल्या माणसाच्या गाडीत दुसरं काय असणार? ठिबकच्या काळ्या नळीचं भेंडोळं. नानाने त्यातला वीतभर तुकडा कापला, दोन्ही टोकं गरम पाण्यात धरून ताणली आणि बसवली. जीप सुरू झाली. सोयरीक जुळली. पुढे लग्नाचं आमंत्रण आलं, नाना केळीच्या राजासारखा रावेरला जाऊन जेवून आला.

तेव्हापासून नाना ठिबकवाला झाला. जळगाव जिल्ह्यात ठिबकच्या नळीला काय तोटा! ज्याच्या त्याच्या शेतात मैलोगणती पसरलेली. आलेल्या प्रत्येक गाडीत रबरी नळीला जरा चीर दिसली, की नाना ती फेकून ठिबकची बसवायचा. लोक तिला ‘नानानी नळी’ म्हणायला लागले. मी दुकानातून ओरडायचो. माझ्याकडे अस्सल रबरी नळीचं बंडल धूळ खात पडलं होतं, म्हणून नव्हे हो, पण थोडं म्हणूनही.

“नाना, ती पाण्याची नळी आहे!”

“जठून पाणी जास, तठून वारा बी जाई!”

“अरे, पाणी आतून बाहेर ढकलतं. हा वारा आत ओढतो. फरक आहे!”

“शेट, तू गल्ल्यावर बस.” तो मला शेट म्हणायचा ते माझ्या पोटाकडे बघून. “चालस ना गाडी? मंग?”

आणि गाड्या चालायच्या, हे खरंच होतं. जुन्या जीपच्या बॉनेटखाली एवढी ऐसपैस जागा की कोंबडीने अंडी घालावीत. नळी लांबून, हवेशीर जायची. मी हरलो आणि गप्प बसलो.

मग मेहमूदभाईंची गाडी आली.

मेहमूदभाई पिंजारी. आमच्या गावातल्या निम्म्या गाद्या-रजया त्यांच्या हातच्या. त्यांची बायको झुबेदाभाभी. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जळगावला न्यावं लागायचं. त्यासाठीच मेहमूदभाईंनी एक जुनी डिझेल कार घेतली. नवी नाही, पण नव्या पद्धतीची, बॉनेटखाली सगळं खचाखच भरलेलं. घेतली तशी नानाला दाखवली. नानाने सगळी तपासली, एक नळी कडक झालेली दिसली, ती बदलून आपली बसवली आणि म्हणाला, “बठ्ठं बराबर शे.”

उन्हाळा लागला आणि गाडी रस्त्यात मरगळायला लागली. घरून निघताना वाघ. अर्ध्या वाटेत पिवळा दिवा लागायचा आणि गाडी बैलगाडी व्हायची. मेहमूदभाई नानाकडे आणायचे. नाना लिंबाखाली लावायचा, चहा सांगायचा, मग जीभ लावायचा. “शे.” डबी? “शे.” झाकणं फिरतात? फिरतात. गाडी एकदम चोख. मेहमूदभाई जळगावच्या एका मोठ्या वर्कशॉपलाही जाऊन आले. तिथल्या कॉम्प्युटरने सांगितलं, डबीची लाइन खराब आहे. नानाने हो-ना करत डबी बदलली. माझ्याकडूनच घेतली. पुढच्या खेपेला परत तेच. मग नाना चिडला आणि चिडला की त्याचं ठरलेलं होतं. “मेहमूदभाई, गाडी चांगली शे. तुमना पाय जड शे.”

मेहमूदभाई बिचारे. सबंध आयुष्य हलक्या हाताने कापूस पिंजलेला माणूस. आपला पाय जड आहे हेही त्यांनी मान्य करून टाकलं असतं. पण एके दिवशी हायवेवर गाडी अशीच एकाएकी बसली आणि मागचा ट्रक कर्णा वाजवत इतका जवळून गेला की बाजूचा आरसा उडाला. आणि त्यानंतरच्या खेपेला ते दवाखान्यात उशिरा पोचले. मशीन दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. भाभी सुजलेल्या पायांनी बाकावर दिवसभर बसून राहिली. ती म्हणाली, आता मी या गाडीत बसणार नाही. पुढच्या वेळी एसटीने गेली. मे महिना, उभं राहायला जागा नाही, उतरली ती चक्कर येऊनच. डॉक्टरांनी मेहमूदभाईंना बाजूला घेऊन सांगितलं, असं चालणार नाही, एकही वेळ चुकवायची नाही, बाईंच्या जिवाचा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी भाभी स्वतः आली. घरून चालत. डोक्यावर ओढणी, चेहरा पिवळा पडलेला. मी दुकानातून खुर्ची नेऊन दिली. मेहमूदभाई गाडी घेऊन मागून आले. नानाने सवयीने गाडी लिंबाखाली घ्यायला सांगितलं आणि चहाला हाक मारली.

भाभी म्हणाली, “नाना, एक विचारू? मला काही गाडीतलं समजत नाही.”

“विचारा ना.”

“मला ताप येतो तेव्हा मी दवाखान्यात जाते. तुम्ही मला आधी झाडाखाली बसवणार, चहा पाजणार, ताप उतरवणार आणि मग डॉक्टरला दाखवणार. डॉक्टर काय म्हणेल?”

नानाने लिंबाखालच्या गाडीकडे बघितलं.

“तो म्हणेल, बाई ठणठणीत आहे. पाय जड असेल.”

मेहमूदभाई ‘अगं, अगं’ करायला लागले. मला हसू आलं, पण नानाचं तोंड बघून ते गिळलं. जीभ मोकळी असूनही नाना गप्प बसलाय, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. चहावाला कप घेऊन आला, त्याला त्याने हातानेच परत पाठवलं. भाभीला रिक्षाने घरी पाठवलं आणि मला म्हणाला, “शेट, तू बी बस गाडीत. वजन जोयजे.”

भर दुपारी आम्ही पद्मालयाच्या रस्त्याला लागलो. मेहमूदभाई चालवतायत, बाजूला डोक्यावर ओला पंचा टाकून नाना, मागे वजन म्हणून मी. देवस्थानच्या अलीकडे रस्ता जंगलातून चढायला लागतो. चढाला लागलो न लागलो तोच पिवळा दिवा लागला आणि गाडी रडत रडत पहिल्या गिअरवर आली. मेहमूदभाईंनी बाजूला घेतली, चावीकडे हात नेला.

“बंद करू नको!” नाना ओरडला. “तशीच राहू दे!”

त्याने बॉनेट उघडलं. आतून अशी झळ आली की मी दोन पावलं मागे गेलो. त्याने पंचा हाताला गुंडाळला आणि डबीवरची नळी ओढून काढली. जिभेला लावली. हात सोडला. नळी पडली.

“नही.”

मग पंपाजवळचं टोक काढलं. पंपाच्या तोंडावर खिशातला रबरी नळीचा तुकडा चढवून तो जिभेला लावला. चट् करून धरलं.

“शे.”

म्हणजे पंप चांगला. डबी नवी. चोर मधे. आणि मधे होती फक्त नळी. नानाने ती पंच्याने उचलून डोळ्यांसमोर धरली. इंजिनाच्या उष्णतेने ती शेवयांसारखी मऊ झाली होती आणि आतल्या ओढीने चपटी होऊन स्वतःलाच चिकटून बसली होती. पलीकडे वारा जायला वाटच नव्हती. आम्ही बघत होतो तोवर ती हळूहळू निवली, फुगली आणि पुन्हा गोल झाली. म्हणजे लिंबाखाली दिसायची अगदी तशी.

मला कबूल करायला काय जातंय? त्या क्षणी माझ्या ओठांवर आलं होतं, मी सांगत होतो ना. इतकी वर्षं या एका वाक्यासाठी मी थांबलो होतो. पण नानाच्या हाताला फोड आले होते आणि तो त्या नळीकडे असा बघत होता, की माझ्याने ते बोलवलं नाही.

तो मेहमूदभाईंकडे वळला. म्हणाला, “चोर मी शे.”

मेहमूदभाई म्हणाले, “जाऊ द्या नाना. सापडला ना.”

“हा, आते सापडना,” नाना म्हणाला. “पण तुमनी बायको मरी जाती मन्हापायी.”

पद्मालयाला उजव्या सोंडेचा आणि डाव्या सोंडेचा असे दोन गणपती आहेत. दोनांतला एक तरी पावतोच, असं नाना नेहमी म्हणायचा. निवलेली नळी परत लावून आम्ही तसेच देवळापर्यंत गेलो, पण त्या दिवशी तो आत आलाच नाही. आम्ही दर्शन घेऊन आलो तेव्हा तो गाडीपाशीच उभा होता.

संध्याकाळी माझ्या धूळ खात पडलेल्या बंडलातली रबरी नळी त्या गाडीत बसली. नाना स्वतः सांगायला मेहमूदभाईंच्या घरी गेला. भाभीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्ही माझ्याबरोबर बसलात तर मी त्या गाडीत बसेन.”

मग नाना बसायला लागला. गॅरेज सोडून सासुरवाडीलाही न जाणारा हा माणूस डायलिसिसच्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून मेहमूदभाईंच्या बाजूला जाऊन बसायचा. जळगावला पोचलं की आधी बॉनेट. गरम इंजिनावर, पंच्याने धरून, जिभेला नळी. “शे.” ते ऐकलं की भाभी दवाखान्याच्या पायऱ्या चढायची. पुढे पुढे तर गरज नव्हती, गाडी लोण्यासारखी चालत होती, तरी ते ‘शे’ व्हायचंच. आत मशीन चालू असताना नाना दाराशी स्टूल टाकून तोंडाचा पट्टा सोडायचा. दीपनगरचा फोरमन, रावेरची सोयरीक, पुण्याचा साहेब, सगळं. नर्स रागवायच्या. भाभी म्हणायची, “बोलू द्या हो. हे बोलत असले की मशीन कधी संपतं ते कळत नाही.”

इकडे आम्हाला त्याने वेगळाच ताप दिला. ‘नानानी नळी’ ज्या ज्या गाडीत होती ती ती शोधायला तो निघाला. नंबर त्याला कधीच लक्षात राहायचे नाहीत, आवाज राहायचे. गतिरोधकापाशी उभा राहायचा आणि एखादी जीप हळू झाली की कान टवकारून तिच्यापुढे हात आडवा करायचा. “बॉनेट उघड. आत मन्हं पाप शे.” नवखा माणूस घाबरायचा. ओळखीचे हुज्जत घालायचे, नाना, चांगली चालतेय, राहू द्या. नाना त्यांना शिव्या देऊन नळी काढायचा. जुन्या जीपांना ती नळी बाधली नसती, हे मीच त्याला सांगितलं. तो म्हणाला, “आते तू नळीनी बाजू घी राह्यना का?” काढलेले काळे तुकडे त्याने गॅरेजच्या खिळ्याला लटकवून ठेवले. आणि भिंत पुन्हा रंगवली. ‘आधी बॉनेट, मग चहा.’ या वेळी ‘आधी’ दीर्घ होतं. गुरुजी थांबून म्हणाले, वा! नाना म्हणाला, “आते टाइम लागस, गुरुजी.”

मागच्या पावसाळ्यानंतर त्याला झटका आला. एका ट्रॅक्स गाडीचं काम करता करता खाली बसला तो उठलाच नाही. मीच शटर ओढून घेऊन धावलो. जीव वाचला, उजवी बाजू गेली. धुळ्याला देवपुरात त्याची लेक सुनीता राहते, ती घेऊन गेली. गॅरेज बंद झालं. समोरचं ते बंद शटर बघत दुकानात बसणं मला जड जायला लागलं. शिव्या नाहीत, काही नाही. गिऱ्हाईकं म्हणायची, शेट, तुम्ही बारीक झालात.

मेहमूदभाई एकटे गाडी न्यायचे. गाडी उत्तम चालत होती. पण भाभी दवाखान्याच्या पायरीशी थांबायची. मेहमूदभाई म्हणायचे, चल ना. ती म्हणायची, आज कुणी काही बोललं नाही. एक दिवस, मशीन नसलेल्या वारी, ती म्हणाली, आपण नानांकडे जाऊ. मेहमूदभाईंनी मलाही बोलावलं. या वेळी वजन म्हणून नाही.

पारोळा मागे टाकलं तोवर ऊन मी म्हणत होतं. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो. सुनीताच्या घरापुढे ओट्यावर नाना खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, शर्ट धुतलेला, तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला. आम्हाला बघून त्याचे डोळे भरले. बोलायला गेला तर भलतेच शब्द आले. मला बघून काहीतरी म्हणाला, त्यात ‘भाकर’ होतं. स्वतःलाच राग आला, शिवी द्यायला गेला, तर तीही धड येईना. सुनीता हळूच म्हणाली, “काका, त्यांना सगळं समजतं. शब्दच सापडत नाहीत. पाण्याला भाकर म्हणतात, मला नानी म्हणतात.” मी मान वळवून रस्त्याकडे बघत राहिलो. त्या माणसाच्या तोंडून शिवी निघू नये, याचं मला जे वाटलं ते मी कुणाला सांगू?

मेहमूदभाई गाडी बंद करायला वळले, तर नानाने डाव्या हातातली काठी ओट्यावर आपटली. पुन्हा आपटली. आम्हाला कळलं. “चालू राहू द्या,” मी म्हणालो.

सुनीताने आणि मी त्याला धरून गाडीपाशी नेलं. बॉनेट उघडलं. झळ आली. मी खांद्यावरचा रुमाल त्याच्या डाव्या हाताला गुंडाळला. हात डावा, पण नळी कुठे आहे ते त्या हाताला विचारावं लागलं नाही. त्याने ती काढली, माझ्याच दुकानातली रबरी नळी. जीभ बाहेर आली, एका बाजूला वाकडी. नळी एकदा निसटली. दुसऱ्यांदा त्याने ती नीट टोकाला टेकवली आणि हात सोडला.

नळी लोंबकळत राहिली.

भाभी पुढे येऊन उभी होती. तिने त्याच्याशी अहिराणीत बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, “नाना, शे की नही?”

त्याने डाव्या हाताने नळी चट्‌दिशी सोडवली, भाभीकडे बघितलं आणि अगदी स्वच्छ म्हणाला, “शे.”

मग मेहमूदभाईंनी नळी जागेवर बसवली. दुसऱ्या दिवशी मशीन होतं, म्हणून आम्हाला लगेच निघावं लागलं. वळणावरून मी मागे पाहिलं, तर नाना अजून सुनीताच्या खांद्यावर हात टाकून रस्त्यातच उभा होता. मान जरा तिरकी करून तो गाडीचा आवाज ऐकत होता.